राबावरची उडी

पहाटे साडेपाच वाजता पुण्याच्या भाजीबाजाराबाहेर आम्ही तिघं उभे होतो. डोक्याला हेल्मेट, गुडघ्यांना प्लास्टिकच्या वाट्या आणि हातात प्रत्येकी अठरा किलोची सायकल. कोबीची पोती वाहणारे हमाल आमच्याकडे बघत वळसा घालून जात होते. एकानं थांबून विचारलं, "सर्कस कुठं लागलीय?" मंदारनं त्याला गंभीरपणे सांगितलं, "वेल्ह्याला." खरं तर तो हमालच शहाणा होता, हे संध्याकाळपर्यंत कळायचं होतं.

ही गोष्ट दोन हजार सहा सालच्या मे महिन्यातली. मी, मंदार आणि शिरीष एकाच कारखान्यात नकाशे काढायचं काम करायचो आणि रविवारी डोंगर उतरायचो. या खेळाला फ्रीराइड म्हणतात. पायवाट असली तरी ती सोडायची, डोंगर जसा मिळेल तसा सायकलवरून उतरायचा आणि मध्ये खडक किंवा बांध आला की त्यावरून उडी मारायची. उडी मारायला काही सापडलं नाही तर दगडमाती रचून आपणच उंचवटा करायचा. आई म्हणायची, "चांगला रस्ता आहे तर रस्त्यानं जा ना." तिला मी उत्तर देत नसे. उंटावरच्या शहाण्यांना उत्तर द्यायची गरज वाटत नाही.

भोरचे रफीकभाई रोज रात्री भाजी भरून पुण्याला यायचे आणि सकाळी रिकामा टेम्पो घेऊन परतायचे. शिरीषनं त्यांच्याशी बोलून ठेवलं होतं. सायकली मागे बांधल्या आणि आम्ही पुढे दाटीवाटीनं बसलो. रफीकभाई पन्नाशीचे, दाढी मेंदीनं रंगवलेली, कमी बोलणारे. कात्रज ओलांडल्यावर त्यांनी एकदाच विचारलं, "ह्या सायकली चढाला चालत्यात का?"

"चढाला ढकलायच्या," मी म्हणालो. "उतारासाठी आहेत."

"मंग उताराला सायकल कशाला पायजे?" ते म्हणाले आणि पुढे गाडी चालवत राहिले.

कामथडीजवळ हायवेला वडापाव आणि चहा झाला. तिथून थोडं मागे येऊन नसरापूरवरून वेल्ह्याच्या रस्त्याला लागलो. डोंगर वाळून पिवळे झाले होते आणि उताराची खाचरं (भाताची बांध घातलेली छोटी शेतं) रिकामी, भेगाळलेली पडली होती. वेल्ह्याच्या अलीकडे एका कच्च्या रस्त्यानं टेम्पो जमेल तितका वर गेला. तिथं एक वाडी आहे, सात-आठ घरांची. तिचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. रफीकभाई म्हणाले, "म्या खाली वढ्याच्या पुलापाशी थांबतो," आणि गाडी वळवून गेले.

वाडीतल्या पहिल्याच घरी आम्ही पाणी मागितलं. घर हिराबाईंचं. पंचेचाळीस-पन्नाशीच्या, काटक, बोलताना हातातलं काम न थांबवणाऱ्या. पाणी मागितलं तर त्यांनी ताक दिलं. ताक पिऊन होतंय तोवर तव्यावर भाकरी पडली होती. आम्ही "नको, नको, मावशी" म्हणत राहिलो आणि बसून पोटभर जेवलोही. नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी, कच्चा कांदा. शिरीष शाकाहारी, त्याच्यासाठी त्यांनी वेगळ्या वाटीत मिरचीचा ठेचा आणला आणि त्याला दोनदा विचारलं, तिखट लागलं का म्हणून.

ओटीवर त्यांचे मालक किसनमामा बाजेवर पडले होते. पाय मांडीपासून बांधलेला. विचारायला हवं म्हणून मी विचारलं, काय झालं?

"टहाळ तोडताना पडलो," ते म्हणाले. "ऐनाच्या झाडावर व्हतो. फांदी माज्यासंगंच आली."

"ऐन कामाच्या वक्ताला," हिराबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "मागनं समदा टहाळ म्या एकलीनं डोईवर वाहिला. चाळीस भारं. पर झालं आता. आज सांजच्याला वारा पडला की भाजायचं."

आम्ही तिघांनीही चुकचुक केली. टहाळ म्हणजे काय, तो कशासाठी तोडतात, संध्याकाळी काय भाजायचंय, यातलं एकही आम्ही विचारलं नाही. आम्ही विचारलं ते हे, की ओढ्याकडे उतरायला चांगला उतार कुठल्या अंगाला आहे. त्यांनी बाहेर येऊन हात करून दाखवला. शेजारच्या घरापुढे दोन म्हशी बांधल्या होत्या. वाडीत म्हशी तेवढ्याच, असं किसनमामा बोलता बोलता म्हणाले होते, आणि दूध त्यांच्या मालकाकडून, धोंडीबाकडून येतं. निघताना आम्ही "येतो, मावशी" म्हणालो. त्या म्हणाल्या, "या. माघारी जाताना च्याला या."

त्यानंतरचे दोन तास माझ्या आयुष्यातले फार आनंदाचे होते, हेही लिहायलाच हवं. वरून पहिला उतार गवताचा, वाळलेला आणि निसरडा. शिरीष पहिल्याच वळणाला करवंदीच्या जाळीत गेला आणि बाहेर आला तो तोंडात करवंदं घालूनच. मग खडकाचे टप्पे. सायकल एकेका टप्प्यावरून खाली पडते, पुढचा शॉक दबतो, हात खांद्यापर्यंत हादरतात, आणि माणूस अजून बसलेलाच आहे याचं त्याचं त्यालाच नवल वाटतं. शिरीषचं चाक पंक्चर झालं, ते काढलं. खाली खाचरांपाशी पोचलो तेव्हा आम्ही घामानं आणि धुळीनं माखलेले आणि भलतेच खूश होतो.

तिथं आम्हाला ती जागा दिसली. चार खाचरांच्या वरच्या अंगाला एक लहानसा तुकडा होता आणि त्याच्यावर पालापाचोळा पसरलेला. खाली शेण, त्यावर वाळक्या फांद्या, वर गवत आणि सगळ्यात वर बारीक चाळल्यासारखी माती. शेजारीच कमरेइतका बांध. वरून वेगात यायचं, बांधावरून उडी घ्यायची आणि त्या मऊ बिछान्यावर उतरायचं. मंदार म्हणाला, "अरे, हे तर आपल्यासाठीच अंथरलंय." इतका नीट कचरा कुणी टाकत नाही, हे तेव्हा मला सुचायला हवं होतं. नकाशे काढणारा माणूस मी. कडेच्या रेघासुद्धा सरळ होत्या.

बांधाचे वरचे सपाट दगड उपसून आम्ही चढ रचला. पहिल्या दोन उड्यांत बिछाना पातळ वाटला, म्हणून कडेचं सगळं ओढून मधोमध ढीग केला. हातांनी, पायांनी, हसत हसत. मग उड्या. दहा मारल्या की पंधरा, आठवत नाही. दरवेळी सायकल पडली की फांद्या मोडायच्या, पाचोळा उडायचा आणि दुपारचा वारा तो घेऊन ओढ्याकडे जायचा. मंदारनं नवा डिजिटल कॅमेरा आणला होता. त्यानं खाली झोपून माझा फोटो काढला. मी हवेत, सायकल तिरकी, मागे निळं आभाळ आणि चारी बाजूंना उडणारी पानं. असा फोटो माझा ना आधी कुणी काढला ना नंतर.

चारच्या सुमाराला आम्ही ओढ्यात उतरून तोंड धुत होतो. वरून आवाज आला, "आगं बया. माज्या राबाचं ह्ये काय झालं?"

हिराबाई होत्या. त्या तुकड्याच्या कडेला डोक्यावर हात ठेवून उभ्या. मध्ये शंभरेक पावलांचं अंतर होतं आणि आमच्या सायकली झाडीआड होत्या. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि हाक दिली, "दादा, हिकडं गुरं आल्ती का कुनाची?"

मी आजवर पुष्कळदा विचार केला आहे, की त्यांनी "हे कुणी केलं" असं विचारलं असतं तर मी काय बोललो असतो. पण त्यांनी गुरांचं विचारलं. प्रश्नातच मला पळवाट मिळाली आणि उतार दिसला की घसरायची आमची सवयच होती.

"हो," मी ओरडून सांगितलं. "दोन म्हशी होत्या."

मंदार नव्हे, शिरीष नव्हे. मी. त्या दोघांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते पाण्यात पाय घासत राहिले. हिराबाईंनी खाली वाकून एक फांदी उचलली आणि पुन्हा जागेवर ठेवली. आम्ही चहाला गेलो नाही. झाडीझाडीतून सायकली काढून पुलापाशी आलो आणि टेम्पोत घातल्या.

रफीकभाईंना रात्रीचा माल भरायला आधी भोरला जायचं होतं, म्हणून आम्हीही तिकडून फिरलो. भोर गावात चहा प्यायलो, तो मला कडू लागला. शेतकऱ्याचा माल जवळच्या उत्रोलीला तयार होता, तिथं गेलो. सूर्य खाली आला होता, वारा पडला होता आणि गावाबाहेर जागोजागी पांढरा धूर उठत होता. एका खाचराच्या कडेला बायामाणसं हातात ओले डहाळे घेऊन उभी होती आणि त्यांच्यापुढे तसाच एक सरळ कडांचा बिछाना वरच्या टोकाकडून हळूहळू जळत होता. खाली शेण, त्यावर फांद्या, गवत, वर माती.

मी रफीकभाईंना विचारलं, हे काय करतायत?

"राब भाजत्यात," ते म्हणाले. "म्हाईत न्हाई? भात खाता की न्हाई तुमी? ह्या राखंत बी टाकायचं. पावसानं रोप वर येतं, मंग ते उपटून समद्या खाचरांत लावायचं. ह्यो एवढासा तुकडा म्हंजी समदं वरीस. वरची माती कशाला, तर आग दमानं जळावी. पानं थंडीत तोडून ठिवायची, शेण साठवायचं. ज्याचा राब गेला त्याचा भात गेला. आमची दोन खाचरं हायत हितं, म्हनून म्हाईत."

असं म्हणून ते सायकली एका बाजूला सरकवायला मागे गेले. माझ्या चाकाच्या खाचांत शेण आणि ऐनाची पानं घट्ट बसली होती. त्यांनी एक पान ओढून काढलं, उलटंपालटं केलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं.

"गाडी वळवू का?" त्यांनी विचारलं. "माल उशिरा भरीन. त्ये माजं म्या बघंन."

मंदार म्हणाला, उद्या कामाला जायचंय. शिरीष म्हणाला, आता जाऊन तरी काय होणार. ते दोघं माझ्याकडे बघत होते. मी हो म्हणालो असतो तर ते आले असते, याची मला आजही खात्री आहे.

मी म्हणालो, "नको."

रफीकभाईंनी पुन्हा विचारलं नाही. पुण्यात सायकली मात्र स्वतः जपून उतरवून दिल्या.

फोटो मोठा करून मी घरी भिंतीवर लावला. येणारा प्रत्येकजण वाहवा करायचा. पानांचं विचारलं तर मी म्हणायचो, वारा होता. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे लोक असतात म्हणतात. आम्ही वासे मोजले नव्हते, उपसलेच होते.

जुलैच्या शेवटच्या रविवारी मी एकटाच एस.टी.नं वेल्ह्याकडे निघालो. बरोबर पिशवीत मोसंबी होती, आजाऱ्याला नेतात तशी. फाट्यावर उतरून पावसात तासभर चाललो. वाटेवरची सगळी खाचरं हिरवीगार लागलेली. वाडीखालच्या त्या चार खाचरांपैकी दोन लावलेली होती. दोनांत नुसतं पाणी साचलेलं. आमच्या उडीसाठी रचलेले दगड परत बांधात बसवलेले होते, एकेक, जागच्या जागी.

हिराबाई ओटीवर तांदूळ पाखडत बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "या, बसा." किसनमामा आता काठी घेऊन बसते झाले होते. मी मोसंबी ठेवली आणि बसायच्या आतच सांगून टाकलं. येताना एस.टी.त पाठ केलेलं एकही वाक्य आठवलं नाही. राब आम्ही मोडला, म्हशींनी नाही, मी खोटं बोललो, एवढंच म्हणालो.

सूप थांबलं नाही. "म्हशीला चाकं नसत्यात, दादा," त्या म्हणाल्या. "तुमी गेल्याव त्याच टायमाला दिसलं."

"मग तुम्ही धोंडीबांना..."

"त्याला कशाला काय म्हनू? समद्यास्नी सांगितलं, वावटळ आली. निम्म्या खाचरांचं रोप त्यानंच दिलं त्याच्यातलं. त्याचं आवंदा जरा जास्तीचं व्हतं."

"पण वावटळ का सांगितलीत?"

त्या सुपाकडे बघतच म्हणाल्या, "घरात तुमास्नी म्याच बशीवलं. भाकरी म्याच वाढली. मंग मानसं काय म्हनली असती?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरीही मनाच्या एका कोपऱ्यात हलकं वाटत होतं, हे खोटं का बोलू? सांगितलं एकदाचं, असं. तेवढ्यात डोक्यावर इरलं (पानांचं विणलेलं पावसाळी छप्पर) घेतलेले, पासष्टीचे एक गृहस्थ अंगणात आले. हे धोंडीबा. त्यांनी इरलं भिंतीला लावलं आणि मला निरखून पाहिलं.

"त्ये सायकलवालं पाव्हणं का ह्ये? तुमी वावटळ बघितली म्हनं."

हिराबाईंनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच सूप थांबलं. त्या नजरेचा अर्थ कळायला फार अक्कल लागत नव्हती. पण मला तेव्हा खरं बोलायची चटक लागली होती. आपण आता चांगले झालो आहोत, तर पुरतेच होऊ, असं काहीतरी माझ्या मनात होतं.

"वावटळ नव्हती," मी म्हणालो. "आम्ही होतो. आणि मी मावशींना सांगितलं की तुमच्या म्हशींनी केलं."

हिराबाई उठल्या, सूप घेतलं आणि आत गेल्या.

धोंडीबा ओटीच्या कडेला टेकले. हिराबाई आत गेल्या त्या दाराकडे ते बघत होते, माझ्याकडे नाही. "म्हाईत व्हतं की," ते हळू आवाजात म्हणाले. "वावटळ काय दगडं रचती व्हय? समद्या वाडीला म्हाईत हाय. ती वावटळ म्हनली, आमीबी वावटळ म्हनलो. मिटलं व्हतं." मग थोडं थांबून म्हणाले, "म्हशीचं मातर म्हाईत नव्हतं."

मी माफी मागितली. ते "असू दे" म्हणाले, इरलं डोक्यावर घेतलं आणि ज्या कामाला आले होते ते न सांगताच निघून गेले.

मी आणि किसनमामा पाऊस बघत बसलो. आत भांड्यांचा आवाज येत होता, पण चहा बाहेर आला नाही. जे दोन महिने वाडीनं मिळून झाकून ठेवलं होतं, ते मी एका वाक्यात उघडं करून हिराबाईच्याच अंगणात मांडलं होतं. मी शेजाऱ्याच्या म्हशींवर घेतलेला आळ तिनं त्या शेजाऱ्यापासून लपवला होता, तोही. ओझं माझं होतं. ते मी उतरवलं आणि नेऊन तिच्या डोक्यावर ठेवलं. चाळीस भारे जिनं वाहिले तिच्याच.

शेवटी किसनमामा म्हणाले, "यस्टी चुकंल तुमची."

मी उठलो. दाराशी जाऊन आत हाक दिली, "येतो, मावशी." एरवी कुठल्याही घरी, अगदी वसुलीला आलेल्या माणसालासुद्धा, याचं "या" असं उत्तर मिळतं. मी उंबऱ्याशी थोडा थांबलो. भांड्यांचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला. मोसंबीची पिशवी ओटीवर होती तिथंच होती.

फोटो अजून भिंतीवर आहे. काढून टाकला तर तेही वावटळ म्हटल्यासारखंच होईल, म्हणून ठेवला आहे. पानांबद्दल कुणी विचारलं की आता मी राब म्हणजे काय ते आधी सांगतो आणि मग बाकीचं. ऐकून झाल्यावर बहुतेकजण एकच विचारतात, परत गेलास का तिकडे? जायचं मनात फार आहे. पण माझ्या त्या "येतो"ला अजून कुणी "या" म्हटलेलं नाही.